एंजिन ऑइलची श्यानता

मोटारीच्या एंजिनात वापरल्या जाणाऱ्या वंगण तेलाचा दाटपणा, म्हणजेच प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध. तेल तापले की पातळ होते आणि थंडीत घट्ट होते; निवडीचा सारा प्रश्न यातूनच उद्भवतो. अमेरिकेतील ‘एसएई’ या संस्थेच्या जे३०० मानकानुसार तेलांची प्रतवारी करतात. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ यातील ‘५डब्ल्यू’ हा थंडीतला दर्जा असून त्यासाठी तेलाची चाचणी उणे ३०° से. तापमानाला घेतात; ‘१५डब्ल्यू’साठी ती उणे २०° से.ला होते. पुढचा ३० हा आकडा १००° से.ची श्यानता दाखवतो : ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकपर्यंत, ४० क्रमांकासाठी १२.५ ते १६.३. दोन्ही दर्जे एकाच तेलात साधण्यासाठी त्यात बहुवारिके मिसळतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात दाट तेलच हवे, हा समज सरसकट खरा नाही. थर्मोस्टॅट व रेडिएटरमुळे एंजिनाचे कार्यकारी तापमान बरेचसे स्थिर राहते. लेहच्या हिवाळ्यात मात्र पहिल्या आकड्याला खरे महत्त्व येते. तेल फार पातळ असल्यास बेअरिंगमधील तेलाचा पापुद्रा तुटून धातूवर धातू घासतो. फार दाट असल्यास चालू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते व इंधनही जास्त लागते. जुनी गाडी तेल खाऊ लागली की दाट तेल भरतात; त्याने झिजलेल्या रिंगा दुरुस्त होत नाहीत. बेअरिंगमधील फट आणि तेलाचा पंप ठरावीक श्यानता धरूनच आखलेले असतात, म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला दर्जाच वापरावा.