पोटातल्या बाळाचा ईसीजी आईच्या ईसीजीतून वेगळा कसा काढतात?

गरोदर बाईच्या पोटावर ईसीजीचे इलेक्ट्रोड लावले की बाळाच्या हृदयाचा आलेख मिळेल, असं वाटतं. प्रत्यक्षात आधी दिसतो तो आईचा. तिच्या हृदयाचा विद्युत सिग्नल पोटावरही बाळाच्या सिग्नलपेक्षा कित्येक पटींनी मोठा असतो. बाळाचा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा लागतो. त्यात पोटाच्या स्नायूंचा गोंधळ आणि घरगुती विजेची ५० हर्ट्झची भुणभुण असतेच.

मग एवढा खटाटोप कशाला? दवाखान्यात एनएसटी करताना पोटाला पट्टे बांधतात. त्यातल्या एका पट्ट्यातलं डॉप्लर हृदयाची हालचाल अल्ट्रासाऊंडने टिपतं, वीज नाही. पद्धत कामाची आहे, पण बाळ सरकलं की सिग्नल सुटतो. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी यंत्र बाळाऐवजी आईचेच ठोके पकडतं. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात. एरवी आईचे बरेच कमी असल्याने फरक लगेच कळतो. पण कळा सुरू झाल्या की आईची नाडी शंभरीपार जाऊ शकते. मग बाळ संकटात असूनही कागदावर सगळं ठीक दिसू शकतं. म्हणूनच आईची नाडी वेगळी तपासतात. बाळाच्या डोक्याला थेट इलेक्ट्रोड लावता येतो, पण त्यासाठी पाणमोट फुटलेली असावी लागते.

बाळाचा ईसीजी पहिल्यांदा नोंदवला तो १९०६ साली, जर्मन शास्त्रज्ञ माक्स क्रेमर यांनी. तो वेगळा काढण्याचं तंत्र मात्र फार नंतर आलं. साधी चाळणी इथे चालत नाही, कारण दोन्ही सिग्नलच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

१९७५ मध्ये स्टॅनफर्डचे बर्नार्ड विड्रो आणि सहकाऱ्यांनी एक झकास युक्ती मांडली. आईच्या छातीवर वेगळे इलेक्ट्रोड लावायचे. तिथे जवळपास फक्त आईचं हृदय दिसतं. तो सिग्नल पोटावरच्या सिग्नलमधून वजा करायचा. अडचण अशी, की छातीपासून पोटापर्यंत सिग्नलचा आकार बदलतो. म्हणून फिल्टर स्वतःला सतत दुरुस्त करत राहतो. बाहेरचा आवाज दाबणाऱ्या हेडफोनमागेही हेच तत्त्व आहे.

दुसरा मार्ग म्हणजे आईच्या ठोक्यांचा सरासरी नमुना बनवून तो प्रत्येक ठोक्यातून वजा करणं. तिसरा मार्ग पोटावर अनेक इलेक्ट्रोड लावण्याचा. लग्नाच्या हॉलमध्ये चार कोपऱ्यांत चार माइक ठेवले, तर प्रत्येकात सनई आणि गप्पा वेगवेगळ्या प्रमाणात येतील. त्या फरकावरून गणित करून एकेक आवाज सुटा करता येतो. आई आणि बाळाचं हृदयही तसंच.

आई आणि बाळाचे ठोके एकाच क्षणी पडले की सगळ्याच पद्धतींची परीक्षा होते. आणि साधारण २८ ते ३२ आठवड्यांत निसर्गही आडवा येतो. बाळाच्या त्वचेवरचा पांढरा, चिकट थर तेव्हा विजेला अडवतो आणि आधीच क्षीण असलेला सिग्नल आणखी दबतो. त्यामुळे ठोक्यांची गती मोजणं त्यातल्या त्यात सोपं. ऑक्सिजन कमी पडल्याची खूण देऊ शकणारे लाटेच्या आकारातले बारीक बदल पोटावरून खात्रीने वाचणं अजूनही अवघड आहे.