माथ्यावरचे रान

हिमालयातल्या दार्जिलिंगला एकदा जाऊन यावे, चहाचे मळे पाहावेत, ही आमच्या घरातली जुनी हौस. दरवर्षी बेत ठरतो आणि दरवर्षी तो डोंबिवली स्टेशनच्या फलाटावरच मोडतो. मास्तरांच्या खिशाची धाव ती केवढी! गेल्या नाताळात सौभाग्यवती म्हणाली, "अहो, दार्जिलिंग राहू द्या. कर्जत गाडी पकडा, नेरळला उतरू. आगगाडी तिथेही आहे आणि चहा मी थर्मासमध्ये घेते."

नेरळहून टॅक्सीने आम्ही दस्तुरी नाक्यावर पोहोचलो. मोटारींची हद्द तिथे संपते. पुढे लाल मातीची वाट, शेजारी दोन फूट रुंदीचे इवलेसे रूळ. लगेच माझ्यातला मास्तर जागा झाला. दार्जिलिंगची छोटी गाडी १८८१ साली सुरू झाली, ही १९०७ साली. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १६ लाख रुपये खर्चून ती बांधली आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ते काम तडीस नेले.

"आणि माथेरानचा शोध कोणी लावला?" मी लेकीला विचारले.

तिने पाठ केलेले उत्तर दिले, "ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट, १८५० साली." त्या काळी हा डोंगर ठाणे जिल्ह्यात होता, आता तो रायगडात आहे. मी शाबासकी देणार, तोच तिने विचारले, "पण बाबा, त्याच्या आधी इथे कोणी येतच नव्हते का? मग माथेरान हे मराठी नाव कोणी ठेवले?"

वाचकहो, इतकी वर्षे हा प्रश्न मी मुलांना घालतो आहे आणि 'मॅलेट' लिहिणाऱ्याला पुरते गुण देतो आहे. उलट प्रश्न मला कोणीच केला नव्हता. माथ्यावरचे रान ते माथेरान, असे सांगतात. हे नाव काही साहेबाने ठेवलेले नाही. पायथ्याच्या ठाकर-कातकऱ्यांना हा डोंगर ठाऊकच होता. साहेबाने शोध लावला तो उन्हाळ्यात अंग गार ठेवण्याच्या जागेचा! दार्जिलिंगचीही तीच कथा. १८३५ साली कंपनी सरकारने तो डोंगर सिक्कीमच्या राजाकडून घेतला; पण लेपचा लोक त्या मुलखात कितीतरी आधीपासून राहत होते.

पुढे माथेरानात शार्लट लेक, लुइझा पॉइंट अशी नावे पडली. साहेब, शेठ हवा खायला येऊ लागले आणि त्यांच्या दिमतीला खपणारी माणसे इथेच घरे करून राहिली. अशाच एका नाभिकाच्या घरात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकिलीचे शिक्षण घेऊन ते परत आले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. त्यांनी शाळा काढल्या, गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभी केली. लोक त्यांना 'भाई' म्हणू लागले. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच धारातीर्थी पडले. भाईंचे वय अवघे तीस वर्षांचे.

संध्याकाळी पॅनोरमा पॉइंटवर बसून आम्ही आले घातलेला चहा प्यालो. खाली नेरळचे दिवे लागत होते. पूर्वेला भीमाशंकरची रांग धूसर होत चालली होती. त्याच रांगेत सिद्धगड आहे, असे मी लेकीला सांगितले. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, हे पण परीक्षेत विचारा ना!"

सुटी संपताच मी माझी टिपणवही काढली. मॅलेटचे नाव खोडले नाही. तो इथे आला होता, हे खरेच आहे. पण त्याच्याखाली दुसरा प्रश्न लिहिला : 'माथेरानच्या मातीतून कोण उभा राहिला?' गुण दोन्ही प्रश्नांना सारखेच ठेवले आहेत.

दार्जिलिंगचा बेत अजून आहेच. जमेल तेव्हा जाऊ. पण तिथला डोंगर कोणी शोधला, हे आता मी आधी विचारणार नाही. तिथे आधीपासून कोण राहत होते, हे विचारीन.