शब्दवेध : एम्पानाडा

ब्युनॉस आयर्समधल्या साध्याशा पिझ्झेरियातही एम्पानाडा मिळतेच. मैद्याची पारी, आत खिमा, कांदा, उकडलेलं अंडं, ऑलिव्ह आणि कडेला सुबक मुरड. या मुरडीला तिथे ‘रेपुल्गे’ म्हणतात. अनेक दुकानांत तिच्या नक्षीवरूनच आतलं सारण ओळखतात. करंज्या करणाऱ्या हातांना ही कारागिरी समजावून सांगावी लागणार नाही! साल्ता प्रांतात सारणात बटाटाही घालतात. मला तोच प्रकार सरस वाटतो.

शब्द स्पॅनिश. ‘पान’ म्हणजे पाव. त्यावरून ‘एम्पानार’, म्हणजे कणकेच्या आवरणात गुंडाळणं, आणि ‘एम्पानाडा’ म्हणजे तशी गुंडाळलेली. ‘पान’चं मूळ लॅटिन ‘पानिस’. त्याच मुळातून पोर्तुगीज ‘पांव’ निघाला आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्यात, मग मराठीत ‘पाव’ होऊन रुळला. म्हणजे वडापावातला पाव आणि अर्जेंटिनाची एम्पानाडा यांची पणजी एकच.

आपल्याकडे मात्र पायांनी पीठ तुडवतात म्हणून ‘पाव’, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या भट्टीपुढे राबणाऱ्या पोदेरांवर, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्यांवर, हा अन्याय आहे. ही व्युत्पत्ती आता कृपा करून सोडून द्या.