यादी खिशात, साल १६४८

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या मेरपोल्डरमध्ये आज जिथे कुरणं आहेत, तिथे एके काळी तळं होतं. १६१४ च्या सुमाराला ते उपसून माणसांनी त्याची शेतजमीन केली. आजही तुमचं घर समुद्रसपाटीच्या काही मीटर खाली आहे, आणि जानेवारीत दिवस मावळतो तो पाचच्या आसपास. असल्या संध्याकाळी कोकणच्या सहलीची यादी करत बसणं हा परदेशातल्या मराठी घरांचा ठरलेला उद्योग. तुमचीही यादी तयार आहे: सागरेश्वर, मोचेमाड, आरवलीचा वेतोबा, रेडीचा गणपती, वेंगुर्ल्याची डच वखार, आणि समुद्र शांत असला तर वेंगुर्ला रॉक्स.

या खेपेला विमानाची तिकिटं काढू नका. रँडस्टॅडरेल पकडून हेगला जा. सेंट्रल स्टेशनला लागूनच राष्ट्रीय अभिलेखागार आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद तिथे आहेत. युनेस्कोने २००३ साली ज्यांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली, तेच हे कागद. तपकिरी पडलेल्या शाईत, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत, 'विंगुर्ला' हा शब्द ओळखता आला की डोळे मिटा.

उघडाल तेव्हा पायाखाली वाळू असेल, ऊन चढायला लागलेलं असेल आणि अंगातलं जाकीट नकोसं झालेलं असेल. १६४८ चा जानेवारी. वेंगुर्ल्याजवळच्या उभ्यादांड्याचा किनारा. पहिल्यांदा खटकतं ते सुरूचं बन. म्हणजे ते नाही, हेच खटकतं. फोटोंमध्ये प्रत्येक किनाऱ्यामागे उभे असणारे ते हिरव्या झाडांचे झुपके अजून कुणी लावलेच नाहीत. वाळूच्या मागे केवडा, उंडी, मग माड, आणि त्याच्या मागे तांबड्या मातीचा चढ. क्षितिजावर चार-पाच काळे ठिपके दिसतात, तेच तुमच्या यादीतले खडक. त्यांच्या गुहांत पाकोळ्या थुंकीने घरटी बांधतात. पुढे त्या घरट्यांची चोरटी विक्री होणार आहे आणि त्यांना वाचवायला माणसांना राखण करावी लागणार आहे. आज तिकडे कुणी फिरकत नाही. खडकांवर दीपस्तंभ यायला अजून दोन शतकं आहेत, त्यामुळे रात्री इकडून जाणारा तांडेल त्यांना देवासारखाच भिऊन असतो.

किनाऱ्यावर रापण ओढणं चाललंय. जाळं होडीतून अर्धगोल टाकून झालंय आणि त्याची दोन टोकं दोन रांगांच्या हातांत आहेत. होडीच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याने शिवलेल्या आहेत. टाके तुम्हाला मोजता येतील इतके जवळ आहेत. दोर ओल्या वाळूत करकरत सरकतो. माणसं पाठीमागे कलून पावलापावलाने मागे सरतात, सगळ्यात मागचा दोर सोडून पुन्हा पाण्यात पुढे जाऊन धरतो. तुम्ही बघ्यासारखे उभे राहिलात तर एक म्हातारा खेकसतो, "बगतास काय? हात लावा मरे!" मग तुम्ही लावता. तळहात सोलवटतात. जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात आला की पाणीच तडतडायला लागतं, आणि बांगड्यांची चंदेरी रास वाळूवर उलथते. वाटे पडतात. ओढायला हात लावलेल्याला चार बांगडे मिळतात, तो कोण, कुठला हे नंतर विचारतात.

"खंयसून इलास?"

झूटरमेर म्हणून काय उपयोग! तुम्ही म्हणता, "वलंदेजांच्या मुलखातून." म्हातारा तुमच्या चेहऱ्याकडे बघतो आणि हसतो. त्याचा विश्वास बसलेला नाही.

वलंदेज, म्हणजे डच, इथे कोण ते सगळ्यांना माहीत आहे. १६३७ साली योहान फान ट्विस्ट विजापूरच्या दरबारात गेला आणि आदिलशहाकडून परवानगी घेऊन कंपनीने इथे वखार घातली. कारण उघड होतं. गोव्याचा फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, जवळ. त्याच्या बंदराची नाकेबंदी करायची तर जहाजांना पाणी, तांदूळ आणि विसावा हवा, तो वेंगुर्ल्यात मिळायचा. फान ट्विस्टला त्याचं फळ मिळालं म्हणा: १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतलं तेव्हा तिथला पहिला डच गव्हर्नर तोच. १६४४ नंतर नाकेबंदी उठली आहे, पण जहाजं सवयीने येतात. वखारीला जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत, आत गार अंधार, भाताच्या गोणी, पाण्याची पिंपं, वेलचीचा वास. हिशेबाच्या वहीवर मान घालून बसलेला पोरगा तुमच्याच पोल्डरच्या आसपासचा असू शकेल. घाम पुसून पुसून त्याच्या कपाळाची साल निघाली आहे.

याच महिन्यात झाँ-बातिस्त ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून डच जहाजाने इथे उतरतो. पुढे तो प्रवासवर्णन लिहिणार आहे. त्यात वेंगुर्ल्याचं चांगलं बंदर आहे, गोडं पाणी आहे, उत्तम तांदूळ आहे, आणि वेलचीची तर भरभरून तारीफ आहे. सातेरी देवीचं नाव मात्र नाही. गावच्या सातेरीला विचारल्याशिवाय इथे पेरणी होत नाही, तिचं मूळ रूप म्हणजे वारूळ, आणि व्यापाऱ्याच्या डोळ्याला वारूळ म्हणजे मातीचा ढीग. त्याला हसू नका. तुमच्या यादीत देवळं आहेत, समुद्रकिनारे आहेत, पण पाणी कुठून येतं हे तुम्ही तरी कधी विचारलंत? तो पोटाची यादी घेऊन आला, तुम्ही डोळ्यांची.

वखारीचं पुढे काय झालं ते पाहायचं असेल तर सोळा वर्षं पुढे सरका, पण घाईने. गॅझेटियर सांगतं की १६६४ मध्ये उठाव झाला म्हणून शिवाजी महाराजांनी वेंगुर्लं जाळलं, १६७५ मध्ये मोगलांनी पुन्हा जाळलं, आणि १६९६ मध्ये खेम सावंतांनी वखारप्रमुखाच्या भेटीचं निमित्त करून आत शिरून वखारच लुटली. या सगळ्या धामधुमीत इथले कारकून कंपनीच्या बटाव्हियातल्या मुख्य ठाण्याला पत्रं लिहीत होते. महाराजांच्या हालचालींच्या बातम्या त्या पत्रांत आहेत, म्हणून तर आपल्या इतिहासकारांना डच शिकावं लागलं. आज वखारीला छप्पर नाही, भिंतींतून झाडांची मुळं उतरली आहेत, आणि बाहेर संरक्षित स्मारकाचा फलक आहे.

परत १६४८. दक्षिणेला निघा. मोचेमाडची खाडी तरीने ओलांडायची. टेकडीच्या पायथ्याला खाडीचं हिरवं पाणी समुद्राच्या निळ्याला कापत जातं. ही एक जागा अशी आहे की १६४८ आणि आजच्या फोटोत फारसा फरक सापडणार नाही, आणि माझ्या मते यादीतलं सगळ्यात देखणं ठिकाण हेच.

आरवलीला पोचता तेव्हा यादीची पंचाईत होते. वेतोबाचं देऊळ १६६० च्या सुमाराचं मानतात, सभामंडप तर १८९२ ते १९१६ मधला. म्हणजे आत्ता तुमच्यासमोर राई आहे, गर्द, दुपारीही ओलसर. झावळ्यांच्या छपराखाली पुरुषभर उंचीची फणसाच्या लाकडाची मूर्ती उभी आहे असं समजा. पंचधातूची मूर्ती यायला १९९६ साल उजाडायचं आहे. देवासमोर केळ्यांचा घड आहे, आणि चामड्याच्या वहाणांचे जोड. गुरवाला विचारता, देवाला वहाणा कशाला?

"रातीचो राखण करूक भायर पडता तो," गुरव सांगतो. "चलान चलान झिजतत."

एक जोड उचलून बघता. तळ खरोखरच घासलेला आहे. कुणी घासला हे विचारायचं नसतं. ज्याची मूर्ती झाली ते फणसाचं लाकूड गावकरी घराला का वापरत नाहीत, हे त्या क्षणी आपोआप कळतं.

शिरोड्याची मिठागरं वाटेत लागतात. १९३० च्या सत्याग्रहाला अवकाश आहे, थांबू नका. रेडीला या. हे बंदर वलंदेजांच्याही कितीतरी आधीचं. चालुक्यांच्या ऐहोळेच्या शिलालेखात, इसवी सन ६३४ मध्ये, मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याची नोंद आहे आणि अभ्यासक ते रेडीच मानतात. तुम्ही टेकडीवर उभे आहात. पायाखाली जांभा, त्याच्याखाली लोहखनिज, झुडपांतून वारा. यादीत ठळक अक्षरांत लिहिलेला गणपती कुठे दिसत नाही. गुराख्याला विचारलंत तर तो माउलीच्या देवळाकडे बोट दाखवेल. गणपतीचं त्याला काही माहीत नाही.

तो खाली आहे, मातीत.

त्याच्यासाठी ३२८ वर्षं पुढे यावं लागेल, १८ एप्रिल १९७६ ला. टेकडी आता खाण झाली आहे, हवेत तांबडा धुरळा आहे, ट्रकांची रांग लागली आहे. एका ट्रकचालकाला स्वप्न पडलं म्हणतात, आणि सांगितलेल्या जागी खणल्यावर जांभ्यात कोरलेला, दोनच हातांचा, भलामोठा गणपती निघाला. माणसं फावडी टाकून हातांनी माती काढतायत. सोंड मोकळी होते, मग पोट. कुणीतरी नारळ आणायला धावतो, दुसरा ट्रकांना थांबायला सांगतो. मूर्ती किती जुनी यावर खड्ड्याच्या काठावरच वाद सुरू होतो. एकाचं म्हणणं, ही पांडवांच्या वेळची. मुकादमाला अर्थातच आजच्या खेपांची काळजी आहे. गर्दीतली एक बाई खड्ड्यात वाकून विचारते, "ह्येचो उंदीर खंय?"

उंदीर महिनाभराने सापडला. तोही मोठाच होता.