रोहित व दलदली भोवत्या

सातारा जिल्ह्यातील मायणी व येरळवाडी (ता. खटाव) या तलावांवर हिवाळ्यात आढळणारे दोन पक्षी. पहिला उथळ पाण्यात चालणारा, दुसरा शिकारी.

रोहित (फिनिकॉप्टेरस रोझियस) दीड मीटरपर्यंत उंच असतो. त्याची वाकडी चोच ही निसर्गातील एक अप्रतिम चाळण आहे. मान खाली घालून तो चोच उलटी पाण्यात बुडवतो, जाड जीभ मागेपुढे करून चिखलपाणी आत ओढतो आणि बाहेर सोडतो. कडांवरच्या बारीक पट्ट्यांत शेवाळ, कीटकांच्या अळ्या व झिंगे अडकतात. पिसांचा गुलाबी रंग याच अन्नातून येतो. त्याच्या पायाचा मागे वळणारा सांधा गुडघा नसून घोटा असतो; गुडघा पोटाजवळ पिसांत झाकलेला असतो.

दलदली भोवत्या (सर्कस एरुजिनोसस) पाणकणसांवरून अगदी कमी उंचीवर, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून तरंगतो आणि बेडूक, उंदीर किंवा जखमी पाणपक्ष्यावर झडप घालतो. मादी गडद तपकिरी, डोके व गळा फिकट पिवळसर.

रोहिताचे खाद्य उथळ पाण्यातच मिळते, म्हणून तलाव तुडुंब भरला किंवा पार आटला की तो निघून जातो. भोवत्या मात्र काठच्या माळावर व शेतांतही भागवतो. त्यामुळे पाण्याच्या पातळीतील बदलाचा फटका आधी रोहिताला बसतो. मायणी परिसरातील तलावांना 2021 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.