टाळ, चाल आणि पाऊल : दिंडीच्या भजनाची तयारी कशी घडत आली



दिंडीचा इतिहास लिहायला बसलं की दिंडीप्रमुखांची परंपरा, मुक्काम, पंगती आणि राहुट्या डोळ्यांसमोर येतात. पण दिंडी ओळखू येते ती भजनावरून. शंभर माणसं चालतात, टाळ एकच वाजतो. ही गोष्ट आळंदीला पोचल्यावर घडत नाही. तिची तयारी गावच्या देवळात, कंदिलाच्या आणि पुढे विजेच्या उजेडात, रोज रात्री होत आली. तिचाही इतिहास आहे, आणि शताब्दीच्या या ग्रंथात त्याला जागा हवी.

सामुदायिक भजनाची वाट जुनी आहे. नामदेवरायांनी कीर्तनाचा रंग वाळवंटात उभा केला. तुकोबारायांच्या मागे चौदा टाळकरी उभे राहत, असं परंपरा सांगते. चाकणचे संताजी जगनाडे त्यांच्यातलेच. म्हणजे अभंग म्हणणारा एक आणि ध्रुवपद उचलून धरणारे चौदा, ही रीत देहूच्या काळापासूनची. पुढे 1685 साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पालखी सुरू केली, आणि भजन मोठ्या समुदायानिशी वाटेला लागलं.

देवळात बसून भजन करणं वेगळं, आणि हजारोंच्या मेळ्यात चालता चालता करणं वेगळं. ज्याला जे सुचेल ते तो म्हणू लागला तर गोंगाट होईल. इथे हैबतबाबांचे उपकार मोठे. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात त्यांनी माऊलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. लष्करातल्या माणसाला शिस्तीची किंमत ठाऊक होती. दिंड्यांचा क्रम ठरला, तशी भजनाची मालिकाही लागली. पहाटे काकडा, वाटेवर मंगलाचरण आणि रूपाचे अभंग, मग वासुदेव, आंधळे, पांगळे, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. वारांचे अभंग वेगळे, एकादशीचे वेगळे.

मालिका लागली आणि पाठांतर आलं. वाटेवर पोथी उघडून चालता येत नाही. पावसात वहीची शाई फुटते. म्हणून सगळं मुखोद्गत हवं, आणि शंभर जणांचं एकसारखं हवं. एकानं पाठभेद केला तर अख्खी ओळ अडखळते. दिंडीच्या तालमीची गरज इथून सुरू झाली.

ही तालीम चालायची कुठे? तिला वेगळी शाळा नव्हती. संध्याकाळी गुरं बांधून झाली, भाकरी खाऊन झाली की माणसं देवळात जमायची. रोजचा हरिपाठ हीच तालीम. कोजागरीपासून त्रिपुरी पुनवेपर्यंत पहाटेचा काकडा, वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह आणि त्यात वीणेचा पहारा. पोरगं आधी नुसतं बसायचं, मग टाळ्या वाजवायचं, मग कुणीतरी त्याच्या हातात जुना टाळ द्यायचा. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही शे-दोनशे अभंग पाठ असायचे. कानानं घेतलेलं जिभेवर बसायचं.

मग छापलेली गाथा आली. 1869 आणि 1873 साली सरकारी मदतीनं तुकोबांच्या गाथेचे दोन भाग मुंबईत छापले गेले. साडेचार हजारांवर अभंग एका ठिकाणी आले. पुढे स्वस्त आवृत्त्या गावोगाव पोचल्या आणि शब्दांचा वाद गाथा उघडून मिटवता येऊ लागला. 1917 साली जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून शिकून आलेल्या कीर्तनकारांनी, गायकांनी, मृदंगवाद्यांनी खेड्यातल्या भजनाला वळण लावलं. तरी एक गोष्ट पुस्तकात कधीच आली नाही, ती म्हणजे चाल. शब्द छापता येतात, पण चाल म्हाताऱ्याच्या गळ्यातून पोराच्या गळ्यातच जावी लागते.

आता खुद्द तालमीकडे येऊ. वाटेवर पेटी नसते. स्वर धरायला वीणेची तार, ताल धरायला मृदंग. विणेकऱ्याचा मान मोठा, कारण वीणा खाली ठेवायची नाही. टाळकऱ्यांच्या दोन बाजू असतात. एका बाजूनं चरण म्हणायचा, दुसरीनं तो उचलायचा. यात मोठी सोय आहे. एक बाजू म्हणते तेव्हा दुसरी दम घेते. दिवसाकाठी पाच-सहा कोस चालून भजन तुटत नाही, ते या वाटणीमुळे. नवख्याला पहिला धडा हाच मिळतो : सगळा वेळ ओरडायचं नाही, शेजाऱ्याचं ऐकायचं. त्याचा आवाज बसला तर आपण उचलायचं, आपला बसला तर तो उचलेल.

टाळाचं शिक्षण हाताला होतं. दोरी बोटाभोवती किती गुंडाळायची, टाळ कडेवर कसा घासून वाजवायचा म्हणजे नाद मोकळा सुटतो, हे सांगून कळत नाही. शेजारी उभं राहून कळतं. पावलीचंही तसंच. ठेका विलंबित असताना पाऊल सावकाश, लय वाढली की उडी, आणि शेवटी सगळ्यांनी एकदम थांबायचं. एकाचं पाऊल चुकलं तर मागची रांग अडते.

मृदंगवाल्याचं काम सर्वांत जिकिरीचं. धुमेला ओली कणीक लावायची, शाईची बाजू गट्टे ठोकून स्वरात आणायची. देवळात कोरड्या हवेत लावलेला मृदंग आषाढाच्या सरीत उतरतो, कातडं सैल पडतं. म्हणून जाणता मृदंगी कापड आणि हातोडी जवळच ठेवतो. अशा तयारीला मुहूर्त नसतो. ज्येष्ठ वद्यात माऊलींचं प्रस्थान, त्याआधी मृगाची पेरणी. दोन्ही सांभाळून माणसं रात्री देवळात येत आली.

तालमीत आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, ती म्हणजे गप्प होणं. मुक्कामाच्या समाजआरतीला चोपदारांनी चोप उंच केला की हजारो टाळ क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जाऊन म्हणणं ऐकून घेतात. या व्यवस्थेत टाळ हीच भाषा आहे. ज्या टाळकऱ्याला थांबायचं कळत नाही, त्याच्यामुळे खरी तक्रारही ऐकू जाणार नाही.

या तयारीची किंमत 2020 साली समजली. महामारीत पायी सोहळा झाला नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. 2021 सालीही तसंच झालं. 2020 मध्ये दिवाळीच्या पाडव्यापर्यंत देवळंही बंद होती. ज्यांना हरिपाठ पाठ होता त्यांनी तो ओट्यावर, माजघरात, दोघा-तिघांत म्हटला. ज्यांचं सगळं भजन लाऊडस्पीकरवर आणि मोबाईलवर अवलंबून होतं, त्यांना ऐकता आलं, पण म्हणता आलं नाही. वाट बंद होती, तेव्हा वारी घरात टिकली ती पाठांतराच्या जोरावर.

आज दिंडीतल्या माणसांना रस्ते चांगले आहेत, टँकर आहेत, औषधं आहेत. आयाबाया डोक्यावर तुळस घेऊन चालत होत्याच, आता अनेक गावांत त्यांच्या हातात टाळही आला, पोरी मृदंग शिकताहेत. ही आनंदाची गोष्ट. पण पुष्कळ देवळांत संध्याकाळी चार म्हातारी माणसं आणि एक भोंगा, एवढंच उरलंय. तिथे चाल पुढे जायला गळाच नाही. अशा गावची माणसं वारीला जातील, चालतीलही, पण भजन उसनं आणतील.

म्हणून पुढच्या शंभर वर्षांसाठी फार मोठा संकल्प नको. रोज नाही तर आठवड्यातून दोन रात्री देवळात बसावं. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या टाळकऱ्याला मध्ये बसवावं. त्याला येणाऱ्या चाली एकेक करून पोरांनी आणि पोरींनी त्याच्या तोंडून घ्याव्यात. मोबाईलवर भरून ठेवायला हरकत नाही, पण नुसतं भरून ठेवून भागणार नाही. म्हणावं लागेल, चुकावं लागेल, पुन्हा म्हणावं लागेल. मागच्यांनी आपल्यासाठी हेच केलं.

रामकृष्णहरी!