मुक्या ब्रेकचा हिशेब

नवे पॅड बसवूनही सिग्नलपाशी गाडी थांबताना ब्रेक किंचाळतात, रिमवर काळी भुकटी साचते आणि पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा तोच खर्च समोर येतो, ही मोटारमालकांची नेहमीची तक्रार. ‘पूर्वीचे ब्रेक असे वाजत नसत’ हे पालुपद तिला हमखास जोडलेले असते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. विसाव्या शतकाचा बराच काळ ब्रेकचे अस्तर तुलनेने शांत, टिकाऊ आणि स्वस्त राहिले ते ॲस्बेस्टॉसमुळे. त्याच्या खऱ्या किमतीतला गाडीमालकाच्या बिलात न दिसलेला भाग खाणीतल्या आणि कारखान्यातल्या माणसांनी आपल्या फुफ्फुसांनी भरला. म्हणून आजचा आवाज आणि आजचा खर्च यांकडे केवळ दर्जा घसरल्याची खूण म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते. त्यातला एक भाग हा पूर्वी दुसऱ्यांच्या अंगावर टाकलेला बोजा आहे, आणि तो आता गाडी वापरणाऱ्याकडे आला आहे.

आवाज आणि झीज या मोटारीच्या जन्मापासूनच्या अडचणी आहेत. १८८८मध्ये बर्था बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेली, तेव्हा उतारांवर लाकडी ब्रेक झिजू लागले आणि तिने वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे पहिले अस्तर म्हणून आज त्याच चामड्याकडे बोट दाखवले जाते. इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूडने १८९७च्या सुमारास घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अस्तरे बनवायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढे फेरोडो ही कंपनी उभी राहिली. तिकडे फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. कल्पना काळाच्या पुढची होती, पण धातूवर धातू घासल्याने होणारा कर्कश आवाज ऐकवत नसे. सुती आणि चामड्याच्या अस्तरांचा प्रश्न वेगळा होता, ती तापली की जळत. गाड्यांचे वजन आणि वेग वाढत असताना न जळणारा, न वाजणारा आणि हळूहळू झिजणारा पदार्थ हवा होता. १९०८च्या सुमारास फ्रूडने ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरायला घेतले आणि तिन्ही गरजा एकदम भागल्या. हा खनिज तंतू उष्णतेला दाद देत नाही, राळेला घट्ट धरून ठेवतो, कंपने पुष्कळशी जिरवतो आणि वर स्वस्तही पडतो. एकाच पदार्थात इतके गुण सापडल्यावर जगभरचा धंदा त्याच्याकडे वळला, यात नवल नाही.

पण तो धंदा अजाणतेपणी चालू राहिला, असे म्हणता येत नाही. लँकेशरमधल्या रॉचडेल गावी ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४मध्ये वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुफ्फुसांतल्या व्रणांवरचा निबंध त्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापला. १९३०मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल सरकारला अहवाल दिला आणि १९३१मध्ये कारखान्यांतल्या धुळीवर नियम आले. नेलीला कामावर ठेवणारी कंपनी ज्या टर्नर अँड न्यूऑल समूहात होती, त्याच समूहाने विसाच्या दशकात फेरोडो विकत घेतली. म्हणजे आजाराची माहिती आणि ब्रेकचा धंदा एकाच छताखाली आले, आणि तरी ब्रेकमधले ॲस्बेस्टॉस आणखी निम्मे शतक वाढतच गेले. त्या फेरोडोची भारतीय शाखा मुंबईत घाटकोपरला होती, त्यामुळे हा इतिहास आपल्यालाही परका नाही. ॲस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सांगितले आणि त्यांच्या तपासणीच्या नोंदी दीर्घकाळ जपण्याचे आदेश दिले. नेलीच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनीही हे न्यायालयाला सांगावे लागले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ब्रेक तापतात तेव्हा ॲस्बेस्टॉसचा बराचसा भाग दुसऱ्याच खनिजात बदलतो, त्यामुळे झिजून पडणाऱ्या भुकटीत तंतू फार थोडे उरतात. मेकॅनिकांच्या पाहण्यांतही मेसोथेलिओमाचे, म्हणजे ॲस्बेस्टॉसशी जोडल्या जाणाऱ्या कर्करोगाचे, प्रमाण ठळकपणे वाढलेले दिसले नाही. हा पुरावा मान्य करायला हवा. पण तो फक्त वापरून झालेल्या अस्तरांबद्दल बोलतो. नवे अस्तर घासून ड्रमला बसते करणे, त्याला भोके पाडणे, आणि त्याआधी कारखान्यात तंतू मिसळणे, कापणे या कामांत धूळ ताजीच असते. दुसरा आक्षेप १९९१मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात पुढे आला. पर्यावरण संस्थेने १९८९मध्ये घातलेली बंदी बहुतांश रद्द करताना न्यायालयाने विचारले की, पर्यायी ब्रेक कमी पकडले आणि अपघात वाढले तर काय? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर रस्त्यानेच दिले. ब्रिटनने १९९९मध्ये आणि पुढे युरोपीय संघाने बंदी घातली, बहुतेक कारखाने आपणहून दुसऱ्या मिश्रणांकडे गेले आणि गाड्या थांबत राहिल्या. अमेरिकेतली क्रिसोटाइल या ॲस्बेस्टॉसच्या प्रकारावरची बंदी मात्र २०२४पर्यंत लांबली.

ॲस्बेस्टॉसची सगळी कामे एकट्याने करील असा तंतू मिळाला नाही. पोलादी तंतू, अरामिड, काच, सिरॅमिक, तांबे, ग्रॅफाइट अशा अनेक घटकांची मिश्रणे त्याची जागा घेऊ लागली. पोलादी तंतू जास्त असलेले पॅड उष्णता सोसतात, पण डिस्क खातात आणि वाजतात. सिरॅमिक पॅड शांत असतात, पण महाग पडतात. किंचाळणे म्हणजे पॅड, डिस्क आणि कॅलिपर यांची कंपने एका सुरात येणे, आणि पातळ डिस्क तो सूर लांबवर पोचवते. झिजलेल्या पॅडची लोखंडी पट्टी डिस्कला घासून वाजते, ती तर मुद्दाम ठेवलेली सूचना आहे. अर्थात प्रत्येक आवाजाचे खापर इतिहासावर फोडता येणार नाही. कॅलिपरच्या पिनांना ग्रीस नसणे, क्लिपा जुन्याच ठेवणे, डिस्कवर कडा आलेली असताना नुसते पॅड बदलणे ही गॅरेजमधली चूकच आहे. खर्चाचेही तसेच. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग त्या खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण बिलात मक्तेदारीचाही वाटा असू शकतो हे त्यातून दिसले. तेव्हा मालकाने बिलाची चिकित्सा जरूर करावी, मिश्रणाची किंमत आणि मक्तेदारीची किंमत वेगळी करून मागावी. स्वस्त, बिननावाच्या पॅडकडे वळणे हा मात्र त्यावरचा उपाय नाही. त्यात काय मिसळले आहे हे विकणाराही सांगू शकत नाही, आणि अशा न सांगितलेल्या मिश्रणाची धूळ पुन्हा पॅड बनवणाऱ्याच्या आणि घासणाऱ्याच्याच नाकात जाते.

हिशेब अजून मिटलेला नाही. ॲस्बेस्टॉसऐवजी आलेले तांबे रस्त्यावरून ओढ्यात वाहून जाते आणि माशांना बाधते, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा करून पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने अर्ध्या टक्क्याच्या खाली आणायला लावले. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांनी पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीला मर्यादा घातली आहे. नव्या पेट्रोल-डिझेल मोटारींना ती दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम आहे, आणि मोटरलाच जनित्रासारखे वापरून वेग कमी करणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांना ३. या मर्यादा पाळण्यासाठी डिस्कवर कठीण लेप, धूळ पकडणाऱ्या पेट्या, नवी मिश्रणे असे उपाय येतील, आणि त्यांचा खर्च गाडीच्या किमतीत आणि पॅडच्या बिलात दिसेल.